सासूबाईंसाठी मांजरपुदिना

दात कोरून पोट भरत नाही, असं ज्याने कुणी म्हटलं त्याने कवळीवाल्यांचं घर पाहिलेलं नसावं. या गृहस्थांनी उभा जन्म दातच कोरले आणि त्यावर तीन खोल्या, मागचं अंगण, मुलीचं शिक्षण आणि मुलीचं लग्न एवढं सगळं बिनबोभाट उभं केलं. गल्लीच्या टोकाला दाताचे डॉक्टर होते. ते लोकांचे दात काढायचे आणि कवळीवाले ते परत द्यायचे. दवाखान्यातून ओरडण्याचे आवाज यायचे, कवळीवाल्यांच्या खोलीतून फक्त कानशीचा. खिडकीपाशी टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा आणि गुलाबी मेणाच्या पट्ट्या, समोरच्या फळीवर प्लास्टरच्या जबड्यांची ओळ. दिवसभर इतकी माणसं त्यांच्याकडे बघून हसत असायची, पण तोंडात जीभ असलेलं एकही नाही.

हात मात्र असा हलका, की मेणात दात बसवताना शेजारच्या दाताला पत्ता लागायचा नाही. भाजी चिरताना वांग्याला दुखेल अशा बेताने चिरायचे. बायको म्हणायची, "अहो, ती मेलेली भाजी आहे, तिला भूल द्यायची गरज नाही." बायको बोलकी होती. दोघांच्या वाटचं तीच बोलायची, त्यामुळे हे गप्प आहेत हे गल्लीच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

थंडी सरता सरता ती गेली. इस्पितळात थोडे दिवस होती, मग नव्हती. कवळीवाल्यांनी जे जे करायचं ते सगळं केलं, घरी आले, हात धुतले आणि एका निवृत्त मास्तरांची वरची कवळी पुरी करायला बसले, कारण मास्तर आठवडाभर पेजेवर होते.

भेटायला येणारे रडायची तयारी करून यायचे आणि कोरडे परत जायचे. एक आतेबहीण आली. तिने दारातच हंबरडा फोडला, सगळ्यांच्या वाटचं रडून घेतलं आणि मग यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "दादा, मोकळा हो रे. एकदा मोकळा हो."

"मोकळाच आहे," कवळीवाले म्हणाले. "एक खालची कवळी तेवढी राहिली आहे."

आतेबहिणीने जाताना गल्लीत सांगितलं की दगडालाही पाझर फुटतो, पण हा प्लास्टरचा आहे.

तसं त्यांचं काही दुखत नव्हतं, तीच तर पंचाईत होती. चहा गरम असला तरी प्यायचे, गार झाला तरी प्यायचे, साखर राहिली हे कप विसळताना कळायचं. एकदा दिव्यावर बोट भाजलं. शेजाऱ्याच्या घरी पाहुणा यावा तसा बोटावर फोड आला. कवळीवाल्यांनी तो थोडा वेळ बघितला आणि पुन्हा मेण वितळवायला घेतलं. डॉक्टरांनी एकदा कवळी नेता नेता सांगून पाहिलं, "आम्ही दात काढताना इंजेक्शन देतो ना, तसं झालंय तुमचं. उतरेल हळूहळू."

"कधी?"

"ते माणसागणिक वेगळं असतं."

"घाई नाही," कवळीवाले म्हणाले.

मुलगी दूरच्या शहरात होती. ती रोज संध्याकाळी फोन करायची. तिने एक खोली रिकामी केली होती, पडदेसुद्धा लावून टाकले होते. बाबांनी यावं, कायमचं यावं, घराला कुलूप घालावं, असा तिचा हट्ट. कवळीवाल्यांना याबद्दल काय वाटतं हे त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. आतून काही उत्तर आलं नाही. पण फोनवर मुलगी तर वाट बघत होती, काहीतरी बोलणं भाग होतं. तेव्हा तोंडात आलं ते बोलून गेले:

"सासूबाईंना टाकून कसा येऊ?"

सासूबाई म्हणजे मांजर. राखाडी, रुंद, चालताना घरभाडं वसूल करायला निघाल्यासारखी. बायको स्वयंपाक करायची तेव्हा ही ओट्यासमोरच्या स्टुलावर बसून प्रत्येक फोडणीवर नापसंती दाखवायची, म्हणून बायकोनेच तिला सासूबाई हे पद बहाल केलं होतं. खरी सासू बिचारी गरीब होती, ती हौस बायकोने मांजराकडून भागवून घेतली. बायको इस्पितळात गेली त्याच आठवड्यात सासूबाईंनी घर सोडलं आणि शेजारच्या लॉन्ड्रीत मुक्काम हलवला. तिथे इस्त्रीच्या कपड्यांचे ऊबदार ढीग होते. कवळीवाले रोज सकाळी लॉन्ड्रीच्या दारात बशीभर दूध घेऊन जायचे. सासूबाई दूध प्यायच्या आणि यांच्याकडे अशा बघायच्या, की 'बरं, ठेवा आणि निघा.'

"मग तिलाही घेऊन ये," मुलगी म्हणाली.

"ती घरीच येत नाही. घरी आली तर आणेन ना."

"म्हणजे ती घरी आली की तू येशील? शब्द दे."

"दिला," कवळीवाले म्हणाले. शब्द द्यायला त्यांचं काय जात होतं?

मुलगी कुणाची? काम हातात घेतलं की सोडायची नाही. आठवड्याभरात एक पाकीट आलं, त्यात चिमूटभर बी. खसखशीची थोरली बहीण शोभेल असं बारीक, तपकिरी. संध्याकाळी फोन आला.

"कॅटनिपचं बी आहे बाबा. पुदिन्याच्याच घराण्यातलं. मांजरं या झाडासाठी वेडी होतात. लोळतात, लाळ गाळतात, झाड सोडून जात नाहीत. तू लाव, सासूबाई आपण होऊन घरी येतील."

"लावतो."

"असंच नको टाकूस हां. कवच टणक असतं. एक रात्र फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेव, मग दिवसभर पाण्यात भिजव. त्याने कवच फुटतं."

"आधी गारठवायचं, मग बुडवायचं?"

"हो."

"आणि तरी उगवतं?"

"उगवतं."

"चिवट दिसतंय," कवळीवाले म्हणाले. त्या दिवसांत त्यांनी कशाबद्दल काढलेला हा पहिलाच उद्गार असावा, पण मुलीच्या ते लक्षात आलं नाही. ती शेजारी किती छान आहेत हे सांगत होती.

दुसरा एखादा माणूस असता तर त्याने बी जाळून टाकलं असतं आणि 'उगवलंच नाही गं' म्हणून मोकळा झाला असता. कवळीवाल्यांच्या हातून चुकूनसुद्धा वाईट काम होत नसे, ही त्यांची खोड. त्यांनी बी कवळीच्या डबीत घालून बर्फात ठेवलं, भिजवलं, स्वयंपाकघराच्या खिडकीखालचा वाफा खुरप्याने भुसभुशीत केला, प्लास्टर चाळायच्या चाळणीने माती चाळली. बी वाळूत मिसळून ओळीने पेरलं, वर नखभर माती, आणि पाणी द्यायला ड्रॉपर. पाण्याच्या धारेने बी हलू नये म्हणून. थेंब थेंब पाणी देत ते वाफ्याशी उकिडवे बसलेले पाहून पलीकडच्या गच्चीवरच्या आजींनी घरात जाऊन सांगितलं की गृहस्थ जमिनीत औषध घालतायत.

दहा-बारा दिवसांत हिरवे ठिपके दिसले. मग जोडीजोडीने पानं आली, हृदयाच्या आकाराची, मऊ, राखाडी लव असलेली. पानांच्या कडेला दाते होते. कवळीवाल्यांनी भिंग लावून पाहिले. बसवणाऱ्याने बरे बसवले होते.

रोपं दाट झाली. मुलीने फोनवर सांगितलं, "विरळणी कर बाबा. वीत-दीड वीत अंतर ठेव. जास्तीची उपटून फेकून दे."

उपटली. चिमट्याने, मुळाला धक्का न लावता, पानाला बोट न लावता. फेकायचं मात्र जमेना. धडधाकट रोप फेकायचं कसं? ओल्या कापसात गुंडाळून, बाळंतविडा न्यावा तशी, ती लॉन्ड्रीत नेऊन दिली.

इस्त्रीवाली म्हणजे गडगडाट होता. एका हाताने इस्त्री, दुसऱ्या हाताने हिशेब, आणि तोंडाने गल्ली चालवायची.

"हे काय कवळीकाका, दात येतील का याला?"

"मांजरपुदिना. मुलीने पाठवलाय. जास्तीचा आहे."

"द्या इकडे. मागे नळापाशी रंगाचा डबा पडलाय रिकामा, त्यात खोचते."

"हळू लावा."

"हळू म्हणे! काका, मला दिवसाला चाळीस शर्ट असतात."

आणि तिने ती रोपं मागच्या अंगणात नेऊन, अंगठ्याने मातीत भोक पाडून, दाबून टाकली.

इकडे वाफा नुसता भरात आला. 'शेंडे खुड म्हणजे फुटवे येतील,' असं मुलीने बजावलं होतं. कवळीवाले 'बरं' म्हणाले आणि कात्री घेऊन वाफ्यापाशी गेले, पण कोवळ्या शेंड्याला कात्री लावायला हात धजेना. झाडं मग तशीच उंच गेली आणि त्यांना तुरे आले, पांढऱ्या फुलांवर जांभळे ठिपके. मधमाश्या यायला लागल्या. वाफ्याला लागून बायकोने लावलेल्या टोमॅटोच्याच पडलेल्या बियांतून उगवलेली रोपं होती. दरवर्षी त्यांच्यावर मावा पडायचा, यंदा पानं स्वच्छ राहिली. खिडकीत डास कमी झाले असंही शेजाऱ्यांचं मत पडलं. येणारा जाणारा कुंपणावरून 'वा' म्हणायचा. कवळीवाले 'बरं' म्हणायचे.

सगळं आलं, फक्त मांजर आलं नाही. सासूबाई सोडा, गल्लीतलं उपाशी मांजरसुद्धा आलं नाही. एक काळा बोका रोज कुंपणावरून वाफ्याच्या डोक्यावरून चालत जायचा आणि खाली बघायचासुद्धा नाही.

"आली का?" मुलगी विचारायची.

"नाही."

"असं कसं? झाड नीट आलंय ना?"

"उत्तम आलंय."

"मग?"

"काही मांजरांना त्याचं काहीच वाटत नाही म्हणे. घराण्यातच नसतं." ही माहिती डॉक्टरांची. ती देताना कवळीवाल्यांना ना आनंद होत होता ना दुःख. फोन ठेवायचा, दिवा लावायचा, मेण घ्यायचं. दिवस जात होते आणि ते जातायत हे कॅलेंडरला कळत होतं.

कवळीवाले लॉन्ड्रीच्या दारात दूध ठेवत असताना इस्त्रीवालीने एक-दोनदा म्हटलंही, "तुमच्या रोपांनी मागे नुसता धुडगूस घातलाय हो काका!"

"बरं," कवळीवाले म्हणाले आणि बशी घेऊन परत आले. त्या दिवसांत त्यांच्या एका कानातून गेलेलं दुसऱ्या कानापर्यंतही पोचत नसे.

एका सकाळी, न कळवता, मुलगी दारात उभी. हातात मोठी बॅग, आणि बॅग रिकामी.

"तुझे कपडे न्यायला आणलीय," ती म्हणाली. "आता बास झालं. मांजर येवो न येवो."

"शब्द मांजर आल्यावरचा होता."

"तू वकील कधीपासून झालास?" ती तरातरा वाफ्यापाशी गेली. झाडं कमरेला लागत होती, एकाही पानाला सुरकुती नव्हती. "अरे बापरे! हे काय वाढवलंयस! आणि मांजर नाही?" ती पानाला हात लावायला वाकली.

"हात नको लावूस. चुरडेल."

मुलगी तशीच वाकलेली थांबली. मग उठून लॉन्ड्रीत निघाली. सासूबाईंना उचलूनच आणायचं, म्हणजे शब्दाची कटकट मिटली. कवळीवाले मागोमाग.

इस्त्रीवालीने दोघांना मागच्या अंगणात नेलं. नळापाशी रंगाचा डबा आडवा झाला होता. त्यातली रोपं म्हणजे झाडं नव्हती, अत्याचार होता. अर्धी मोडलेली, अर्धी चावलेली, तरी बुडातून पुन्हा फुटलेली. आणि त्या सगळ्यावर सासूबाई उताण्या पडल्या होत्या, चारही पाय आभाळाकडे, हनुवटीला लाळ, चेहऱ्यावर असा भाव की बघणाऱ्यालाच ओशाळं व्हावं. बाजूला काळा बोका भिंतीला टेकून, आपली पाळी येईल या आशेवर.

"रोजचं आहे," इस्त्रीवाली म्हणाली. "सांगत होते की काकांना, धुडगूस घातलाय म्हणून. मला वाटलं ऐकलं."

"पण मग घरी का येत नाहीत?" मुलीने विचारलं. "झाड तर एकच. घरचं तर चौपट आहे."

"ताई, एकच असलं म्हणून काय झालं? मी खोचताना मोडली, येता-जाता बादली लागते, ओला कपडा घासतो. पान चुरडलं की वास सुटतो, वास सुटला की आली वरात. आणि काकांनी काय केलंय? ड्रॉपरने वाढवलंय! धक्का नाही, ओरखडा नाही. मांजराला कळणार कसं की इथे काही आहे?"

मुलगी आधी बापाकडे बघत राहिली, मग डब्याकडे, आणि मग हसत सुटली. "बाबा! मांजर बोलवायचं झाड तू मांजराला पत्ता लागू न देता वाढवलंस! आणि फेकायचं ते देऊन मांजर इथे बांधून ठेवलंस!"

इस्त्रीवालीही हसली. काळा बोका तेवढ्यात पुढे सरकला. कवळीवाले हसले नाहीत. त्यांनी डबा उभा केला आणि माती आत सारली.

"चल," मुलगी म्हणाली. "आता बघच."

घरी येऊन ती सरळ वाफ्यात शिरली. दोन्ही हातांनी मूठ मूठ पानं धरून चुरगाळली, शेंडे ओरबाडले, तुरे मोडून पायरीवर घासले, उरलेल्या झाडांवर हात फिरवत या टोकाकडून त्या टोकाला गेली. पुदिन्यासारखा, पण जरा उग्र आणि रानटी वास अंगणभर झाला. कवळीवाले दारात उभे होते. त्यांनी तो वास आज पहिल्यांदा घेतला. इतके महिने वाढवलं, पण त्याला वास आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

चहाचं आधण उकळायच्या आत सासूबाई कुंपणावर आल्या. एक क्षण थांबल्या. मग धपकन वाफ्यात उडी. लोळल्या, चावल्या, घसरल्या, उठून पुन्हा पडल्या. झिंग उतरल्यावर अंग झटकून, काहीच घडलं नाही अशा चालीने, दारातून आत शिरल्या आणि ओट्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

मुलीने टाळीच वाजवली. "आली! घरी आली! आता शब्द पाळ."

ती बॅग घेऊन आतल्या खोलीत गेली आणि कपाट उघडून शर्ट भरू लागली. कवळीवाले अंगणातच होते. वाफा पार भुईसपाट झाला होता. मोडलेल्या देठांतून रस येत होता, तुरे पायरीवर लगदा होऊन पडले होते, मधमाश्या गोंधळून हवेत फिरत होत्या. ते वाकले. एक देठ उचलून जागी बसवून पाहिला, तो पडला. पुन्हा बसवला, पुन्हा पडला. आतून मुलगी म्हणाली, "स्वेटर कुठे असतात रे बाबा?"

"काय करून ठेवलंस हे!"

हा आवाज इतका मोठा होता की आपल्यामागे कोण ओरडलं हे बघायला कवळीवाले स्वतःच वळले. मागे कुणी नव्हतं. लॉन्ड्रीतली इस्त्री थांबली. आत कपाटाचं दारही थांबलं.

मुलगी हातात शर्ट घेऊन दाराशी आली. "बाबा?"

"मी एकेक... एकेक रोप..." त्यांना धाप लागली होती. "विचारायचंस तरी! आपलं यायचं आणि ओरबाडायचं! आणि ते शर्ट ठेव आत. मला नाही यायचं."

"अरे, पण मांजर..."

"मांजराचं नाव काढू नकोस. मांजर आली तरी नाही यायचं, गेली तरी नाही यायचं."

सासूबाई वाद आवडत नसल्यासारख्या स्टुलावरून उतरल्या, दोघांच्या मधून निघून गेल्या आणि लॉन्ड्रीच्या भिंतीपलीकडे दिसेनाशा झाल्या.

"मग आधी का नाही सांगितलंस?" मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी पडदे लावले, खोली रंगवली. इतके महिने तू नुसता 'बरं, बरं'! त्या मांजराचं कारण कशाला दिलंस?"

"तू विचारलंस तेव्हा शोधलं मी. आत काही सापडलंच नाही. मग जे हाताला लागलं ते दिलं." ते पायरीवर बसले. "इथे राहून काय करणार तेही माहीत नाही. पण यायचं नाही, एवढं आता कळतंय."

मुलगी शर्ट मांडीवर घेऊन शेजारी बसली. नाक पुसायला तिने तोच शर्ट वापरला. लॉन्ड्रीत इस्त्री पुन्हा सुरू झाली, पण हळू, कारण इस्त्रीवाली ऐकत होती.

"रागावलायस का?" मुलीने विचारलं.

कवळीवाल्यांनी हा प्रश्न नीट तपासून पाहिला. घाई केली नाही.

"हो," ते म्हणाले. "रागावलोय."

"खूप?"

"बऱ्यापैकी."

"मग मी जाऊ आजच?"

"आज कशाला?" कवळीवाले म्हणाले. "उद्या जा. राग अजून उतरलेला नाही माझा."